गणूला ग्रुपमधून काढलं

२ डिसेंबर, मंगळवार

काढला! गणूला ग्रुपमधून काढला. ग्रुपही मीच काढलेला आणि गणूलाही मीच काढला — आपली भाषा भारीच आहे.

'आपलं शहापूर-मुरबाड'वर इतके दिवस काय चालायचं? हरवलेल्या शेळ्या, लाइट कधी येणार, कुणाच्या हळदीला कुठला डीजे. महिनाभर गणूनं नवीनच लावलेलं — मुलं पळवणारी टोळी आलीय, थंडीत ब्लँकेट विकत फिरणारे सगळे त्यातलेच, बाहेरच्यांना हाकला. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ, खाली लिहिलेलं 'काल मुरबाडात'. मी समजावलं. आज त्यानं 'दिसला की फोडा' लिहिलं. मग मी ग्रुपच्या पावित्र्यावर दोन लांबलचक परिच्छेद लिहिले आणि बटण दाबलं.

अंगठेच अंगठे आले! कुणीतरी 'कमळाकरभाऊ, तुमच्यासारखे अ‍ॅडमिन हवेत' असंही लिहिलं. ते रंभाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"शाळेपासूनचा दोस्त तुमचा," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "आधी घरी जाऊन बोलायचं तरी."

बायकोला अ‍ॅडमिनपणातलं काही कळत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

गणूनं नवा ग्रुप काढला, दुसऱ्याच अ‍ॅपवर. नाव — 'जागा हो भूमिपुत्रा'! आटगावात कोंबड्यांचं खाद्य विकणारा माणूस. ज्याला शाळेत मी हलवून जागा करायचो, तो आता तालुका जागा करणार.

माझ्या ग्रुपात मात्र दिवसभर एकच — अमुक बाहेर पडले, तमुक बाहेर पडले. उरलेत ते गुड मॉर्निंगवाले. आणि ज्यानं 'तुमच्यासारखे अ‍ॅडमिन हवेत' लिहिलं होतं, तोही गेला.

७ डिसेंबर, रविवार

रंभाच्या फोनवरून गणूच्या ग्रुपात शिरलो. अभ्यास म्हणून.

"माझ्या नावावर कशाला शेण खाता?" ती म्हणाली. तिला अभ्यास पटला नाही.

वाचत बसलो आणि चहा गार झाला. माझ्याकडे गणूनं काही टाकलं की दोघं-तिघं त्याची टर उडवायचे — 'गणूशेट, आधी कोंबड्या सांभाळ.' तिथं टर उडवणारा कुणीच नाही. एक म्हणतो फोडा, दुसरा म्हणतो जाळा, तिसरा कोयत्याचा फोटो टाकतो. स्वरूप नावाचा कुणी आहे. डीपीला सिंह, गाव कुणालाच माहीत नाही. तो सगळ्यांत पुढं. गणू त्यांच्यात सगळ्यांत मवाळ निघाला!

१० डिसेंबर, बुधवार

गणू दुकानात आला. अख्ख्या शहापुरात बॅनर छापणारे काय कमी आहेत? पण मुद्दाम माझ्याकडेच.

"काय अ‍ॅडमिनसाहेब, बॅनर छापता का? की ते पण पावित्र्यात बसत नाय?"

मजकूर पुढं सरकवला — बाहेरच्या फेरीवाल्यांना गावबंदी, काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता. म्हटलं, आता नाही म्हटलं तर हा पुन्हा पायरी चढणार नाही. शिवाय ग्रुप वेगळा, धंदा वेगळा. अशी वाक्यं मला वेळेवर बरोबर सुचतात.

छापले. 'फेरिवाले' लिहिलेलं, त्याचं 'फेरीवाले' केलं. लाल बॉर्डरही मीच सुचवली. कसला तत्त्वाचा माणूस मी!

१४ डिसेंबर, रविवार

रात्रीचे अकरा वाजलेत. तरी लिहितो.

दुपारी रंभानं फोन पुढं केला. ग्रुपात एका टेम्पोचा फोटो — ब्लँकेटवाले, माळशेजच्या रस्त्याला, गाडीत चोरलेलं मूल. वैशाखऱ्याला अडवा. मी पोलिसांना फोन लावला. रंभानं जनीला लावला. जनी तिची मावसबहीण, वैशाखऱ्यात रस्त्यालाच तिची चहाची टपरी, मागं राहायची खोली. मग दोघं मोटरसायकलवर निघालो.

पोचलो तेव्हा पोलीस येऊन गेलेले. टेम्पोच्या काचा रस्त्याभर. ब्लँकेटवाल्याचं डोकं फुटलेलं, त्याला मुरबाडला दवाखान्यात नेलेलं. जनी पायरीवर बसलेली, आतल्या खोलीचं दार लावून. आत ब्लँकेटवाल्याची बायको आणि तान्ही पोर.

"पोर तिचीच हाय याचा पुरावा मागत व्हते गो," जनी रंभाला सांगत होती. "मी मधी घुसले. म्हटलं, पोर अंगावर पितीय, अजून कसला पुरावा पायजे तुमाला? तिला आत ढकलली नि दारात बसले. म्हटलं, या आता!"

कुणी आलं नाही म्हणे.

आणि वर, दोन खांबांच्या मधे, माझा बॅनर. लाल बॉर्डर. शुद्धलेखन बिनचूक.

१५ डिसेंबर, सोमवार

दुकान उघडलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं — बॅनर मी छापला. हवालदारानं मान वर केली. "फक्त छापला?"

"शुद्धलेखन पण तपासलं," मी म्हणालो. तो हसला नाही. मला हसू येईल असं वाटलं होतं, मलाही आलं नाही. जबाब घेतला.

१७ डिसेंबर, बुधवार

गणू आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तोही होता त्या दिवशी तिथं. पोर दूध पिताना बघितली आणि 'सोडा रे, सोडा, पोर त्यांचीच हाय' म्हणून ओरडला. त्याच्याच ग्रुपातल्या कुणाची तरी काठी हातावर बसली.

"काढलास मला," तो म्हणाला. "बरोबर केलंस असेल. पण तुझ्याकडं शिव्या तरी खायचो रे. तिकडं काय पण टाका, नुसतं बरोबर भाऊ, एकदम बरोबर भाऊ. मला वाटायला लागलं, मी खरंच कोणीतरी हाय."

हेच वाक्य माझ्या अंगठ्यांबद्दलही लिहिता आलं असतं. पण ते त्याला कशाला सांगा?

काढलं ते चूक झालं असं अजून वाटत नाही. त्याच दिवशी आटगावला जाऊन त्याच्या खाटेवर बसायला हवं होतं, एवढंच. चहा मागवला. त्याला डाव्या हातानं बशी धरता येईना, मी धरली. त्यानंतर तो स्वतःच पोलीस ठाण्यात गेला, नावं सांगायला.

२० डिसेंबर, शनिवार

अ‍ॅपवाल्यांनी 'जागा हो भूमिपुत्रा' बंद केला. मी पेढे आणणार होतो! संध्याकाळपर्यंत त्याचे तीन ग्रुप झाले, आणि रंभाला न विचारता एकात घेतलंसुद्धा. अ‍ॅडमिन स्वरूप. गणू कशातच नाही.

"बाहेर पड," मी म्हटलं.

"नाय. कोणीतरी बघत राह्यला पायजे," रंभा म्हणाली आणि फोन स्वतःकडे ठेवला.

२२ डिसेंबर, सोमवार

आता ग्रुपात गणूचा फोटो आला. त्याच्या दुकानाच्या दारात, हात गळ्यात. खाली स्वरूपनं लिहिलंय — टोळीचा माणूस, पोलिसांना फितूर, आटगाव. मी पोलिसांना कळवलं. गणू फोन उचलत नाही. रंभा गाडीला किक मारतेय.