दसऱ्याचं तेल

२१ सप्टेंबर २००८, रविवार

पाय सुजलेत. रविवारी दुकानात टेकायला मिळत नाही. गंगापूर रोडच्या अख्ख्या सोसायट्यांना एकदम डोंगर आठवलाय— आणि डोंगर आठवला की मी, रविराज सायकलवाला, आठवतो. घ्यायचं काही नाही, विचारायचं मात्र सगळं! सीट किती वर ठेवू? चढावर दम लागतो, काय करू? अरे बाबा, दम लागणारच. डोंगर आहे तो.

दुपारी सातपूरच्या कुठल्याशा कंपनीतला एक इंजिनिअर आला. जानेवारीत मनालीच्या वर सोलंगला जाणार, पायाला पाटी बांधून बर्फावरून घसरायला. "काका, स्नोबोर्ड ठेवता का?" नाशकात! इथे बर्फ फक्त उसाच्या रसात. तरी बसवून सांगितलं. बोर्ड-बूट घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतात. खर्च करायचाच तर चांगले हातमोजे आणि गॉगल घ्या. आतून सुती बनियन घालू नका, घामाने ओला होतो आणि मग थंडी हाडात शिरते. पहिला दिवस नुसतं झोपा, हवा विरळ असते. तासभर ऐकलं त्याने. घेतली काय— एक पाण्याची बाटली.

दमलो. पण एक सुखाची गोष्ट. साईचं नाव स्पर्धेत लागलं! नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मनालीजवळ, डोंगरी सायकलची. आपली एकोणीस वर्षांची पोर. जेवताना सांगितलं तर म्हणाली, "बरं."

२५ सप्टेंबर

साईची सायकल कशी न्यायची ते आज तिला दाखवलं. पेडल काढायची, हँडल वळवून दांड्याला बांधायचं, चाकं काढली की ब्रेकच्या फटीत पुठ्ठा घालायचा. नाहीतर गाडीत कोणाचा तरी हात लागून लिव्हर दाबला जातो आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मग सगळं खोक्यात बांधून दिल्लीच्या गाडीला पार्सल. तिने एकदाच पाहिलं आणि सगळं बरोबर केलं. हात आहे पोरीला.

मग मी ब्याण्णवची गोष्ट सांगितली. साध्या बिनगिअरच्या सायकलवर मनालीहून निघालो होतो, रोहतांग चढायचा म्हणून. मढीपर्यंत गेलो. तापाने फणफणलो. ट्रकवाल्याने सायकलसकट खाली आणून टाकलं. बर्फ लांबूनच पाहिला. साईने ही गोष्ट पूर्वी ऐकलीय म्हणा. तरी ऐकली.

१ ऑक्टोबर

मनीषा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"जायचंय का म्हणून."

विचारायचं काय त्यात! तिच्या अंगातच आहे ते. लहानपणी मखमलाबादच्या मळ्यात बांधावरून सायकल पळवायची, पडायची, उठायची. बायकोला काळजी वाटते, साहजिक आहे. मी जास्त बोललो नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसलाय.

५ ऑक्टोबर, रविवार

दुकान कुंदनवर टाकून पहाटे साईला अंजनेरीला नेलं. कुंदन म्हणजे आमचा मेकॅनिक, नेकीचा माणूस. गावापासून वरच्या नाक्यापर्यंत चढायचं आणि सुटायचं खाली. मला गुडघ्यामुळे जमत नाही, मी खाली वळणावर उभा.

हळू उतरली. दर वळणाला ब्रेक. मी ओरडलो, "सोड की जरा! ब्रेक काय शोभेला दाबतेस?" दुसऱ्यांदा बरी उतरली. परत येताना गाडीत गप्प. थकली असेल. मीही थकलोय. पण ही थकावट चांगली वाटते. दुकानातली अंगावर येते.

९ ऑक्टोबर, दसरा

आई सकाळीच मळ्यातून आली, झेंडूच्या पोत्यासकट. फुलांना भाव बरा होता, म्हणून खुशीत. मी दुकानातल्या पूजेच्या गडबडीत. घरची शस्त्रपूजा दरवर्षी आईच करते. पूर्वी विळे, खुरपी, पंप— आता सायकली. धुऊन, पुसून, तेल देऊन, हळदकुंकू. साईच्या सायकलवर तर एवढा मोठा हार! "पोरगी हिमालयात चाललीय माझी. तिचं हत्यार आधी."

संध्याकाळी सोनं वाटायला निघालो तर साई जिन्याखाली सायकलपाशीच बसलेली. म्हटलं, चल. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, येते.

१२ ऑक्टोबर, रविवार

साई अंजनेरीला पडली. जीव वाचला. उद्या लिहीन.

१३ ऑक्टोबर

कॉलरबोन मोडलंय. डावा हात गळ्यात बांधलाय. हनुवटीला टाके. हेल्मेट उभं चिरलं— ते नसतं तर आज मी काय लिहीत बसलो असतो!

मी वळणावरच उभा होतो. वरून येताना दिसली. वेग होता. मला आनंदच झाला, खरं सांगायचं तर. वाटलं, आज सोडलं पोरीने. वळण आलं आणि ती वळलीच नाही. सरळ करवंदीच्या जाळीत, तिथून खाली दगडांवर. पुढचं चाक पार वाकलं. मी कसा पळालो मला माहीत नाही, गुडघा नंतर दुखला.

दवाखान्यात मनीषा आली, पाठोपाठ आई. आई साईच्या डोक्यावरून हात फिरवत रडायला लागली. "असं कसं झालं गं? मी तर लय निगुतीनं तेल दिलं व्हतं. साखळीला, मुठीला, चाकाला ती गोल चकती हाय ना, तिला पन. गंजू नये म्हून."

डिस्क! ब्रेकच्या डिस्कला तेल! तेल लागलेली डिस्क धरतच नाही, पोर लिव्हर दाबत राहते आणि सायकल पळत राहते. मी सगळ्यांसमोर ओरडलो. "आई, ब्रेकला तेल लावतात का? मारलं असतंस ना तिला!"

आईचा हात डोक्यावर होता तिथेच थांबला. साई बघत होती माझ्याकडे. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण नर्स आली आणि तिला एक्स-रेला घेऊन गेली.

१४ ऑक्टोबर

ओरडायला नको होतं. चूक माझीच. सायकलचं दुकान चालवतो, शहराला अक्कल वाटतो, आणि घरच्या म्हातारीला कधी सांगितलं नाही की या चकतीला हात लावू नकोस. जुन्या सायकलींना रबरी ठोकळे असायचे, तेव्हा तिचं तेल कधी आड आलं नाही. हे डिस्कचं प्रकरण गेल्या वर्षीचं. तिला कसं कळणार?

स्पर्धा गेली. आयोजकांना फोन केला. म्हणाले, पुढच्या वर्षी पाठवा.

१७ ऑक्टोबर

कुंदनने विचारलं, "भाऊ, साईताईची सायकल उघडू का? बघू काय काय गेलंय."

म्हटलं, राहू दे. तोंड बघायची इच्छा नाही त्या सायकलचं. मागच्या खोलीत टाकलीय, वर पोतं.

१९ ऑक्टोबर

आई मळ्यात परत जायला तयार नाही. साईपाशीच बसून असते. आज मनीषाने सांगितलं तेव्हा कळलं— आई वेगळं जेवतेय. भाकरी, मीठ, उकडलेली भाजी. फोडणीचं काही नाही. विचारलं तर म्हणाली, "तेलानं घात केला ना. साई पुन्यांदा सायकलीवर बसंपर्यंत तेलाचं काय बी तोंडात घालायची नाय मी. देवाला बोललीय."

मी समजावलं, मनीषाने समजावलं. देवाला बोललं म्हणजे बोललं. सत्तरी उलटलेली बाई, आधीच काटकुळी.

साईला म्हटलं, लवकर बरी हो बाई, आजीचं जेवण तुझ्यावर आहे. हसण्यावारी म्हटलं. ती उठून आत गेली.

२३ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, हाड जुळतंय. सायकल मात्र जानेवारीशिवाय नाही. मी तेवढ्यात पुढच्या वर्षीचा विचारही केला. फेब्रुवारीपासून सराव सुरू केला तर अवकाश मिळतो. उन्हाळ्यात तिला महिनाभर मनालीला ठेवता येईल. जेवताना हे सगळं बोललो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं बोलताना.

आई म्हणाली, "बस बाई लवकर सायकलीवर." साईने ताट अर्धं टाकलं.

२६ ऑक्टोबर

घरभर तळणाचा वास. आई चकल्या पाडून देते, मनीषा तळते. आईच्या चकलीला तोड नाही, आणि तिला स्वतःला एक नाही. भाजणी चाखूनही बघितली नाही, नुसत्या वासावर मीठ सांगितलं.

साई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. डोळे लाल. म्हटलं, हात दुखतोय का? नाही म्हणाली. तळणाचा धूर, म्हणाली.

दुकानात दिवाळीची गर्दी. चार दिवस झोप नाही. आज एका बाईंना मुलाच्या सायकलचा ब्रेक समजावताना मी तो चारचारदा दाबून बघत राहिलो. बाई घाबरल्या.

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दुकानाची पूजा केली. आई आली नाही. "मी हात नाय लावत आता कशाला." एवढी वर्षं पूजेचं तबक तिच्या हातात असायचं. आज मनीषाने केलं सगळं. मला काही गोड लागेना.

२९ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी साई एकटी दुकानात आली. गळ्यात हात तसाच. कुंदनला म्हणाली, जरा चहा सांगून येतोस का. तो गेल्यावर उभ्यानेच बोलली.

"बाबा, दसऱ्याच्या संध्याकाळी मी डिस्क स्पिरिटने पुसली होती. पॅडही नवे घातले. आजीने तेल लावताना मी पाहिलं होतं, तिला वाईट वाटू नये म्हणून तेव्हा बोलले नाही. ब्रेक लागत होते. मीच दाबले नाहीत. मला मनालीला जायचंच नव्हतं."

मी म्हटलं, "मग सांगायचंस ना! नुसतं नाही म्हणायचंस!"

"कसं म्हणणार? तुम्ही रोज इतके दमून येता. आणि डोंगराचं तेवढं बोलतानाच तुमच्या तोंडावर जीव येतो."

दुकान उघडंच टाकून तिच्याबरोबर घरी आलो. आईच्या पुढ्यात चकलीची बशी ठेवली. म्हटलं, खा आई, तुझ्या तेलाचा काही दोष नव्हता.

आई म्हणाली, "मंग कुनाचा?"

साई बोलायला लागली. तिला थांबवलं आणि मीच सांगितलं, "माझा."