पत्र्याखालच्या पिसांबाबत

प्रति,
मा. विभागीय आरोग्य अधिकारी,
पेठ विभाग कार्यालय, सोलापूर.

अर्जदार : रहिमतुल्ला दस्तगीर नदाफ, वय ६१, धंदा गादी-रजई भरणे, भाडेकरू, शुक्रवार पेठ.

विषय : थंडीच्या बंदोबस्ताच्या नावाखाली भाड्याच्या खोलीच्या छतात भरलेली कोंबडीची पिसे काढून मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. ४ डिसेंबर २०२५ ची नोटीस (विनापरवाना कोंबडीपालन).

महोदय,

१. अर्जदार सदर खोलीत एकोणीस वर्षे राहतात. वर पत्रा असून भिंत व पत्रा यांमध्ये हातभर फट आहे. उन्हाळ्यात तीच फट जीव वाचवते, म्हणून त्यांनी तिची कधी तक्रार केली नाही. यंदा मात्र त्यांची मुलगी झीनत पहिल्या बाळंतपणाला कुर्डुवाडीहून माहेरी येणार होती. दिवस डिसेंबरअखेरीस भरतात. पहाटेचा गारठा तान्ह्या जिवाला सोसायचा नाही, म्हणून अर्जदारांनी दिवाळीनंतर घरमालक विरुपाक्ष बिराजदार यांना फट बुजवून द्या अशी विनंती केली. ती केली हीच चूक झाली, हे अर्जदार येथे लिहून देतात.

२. अर्जदारांचा पिढीजात धंदा कापूस पिंजण्याचा. भराव कोरडा हवा, दोन उन्हे खाल्लेला हवा, बोटाला चिकटता कामा नये, हे त्यांना कोणी शिकवायला नको. टाकाऊ कापूस पिंजून, त्याच्या गाद्या शिवून त्या फटीत स्वतः बसवून देतो, असे ते म्हणाले होते. घरमालकांनी ते हसण्यावारी नेले. त्यांनी मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ पाहिला होता. त्यांचे शब्द असे : "चाचा, तुमचा कापूस आता जुना झाला. तिकडं बर्फात लोकं बदकाची पिसं भरत्यात. आपल्याकडं बदक न्हाय, पण कोंबडीला काय तोटा हाय?"

३. अर्जदार सहकुटुंब अक्कलकोटला लग्नास गेले असता घरमालकांनी मेव्हण्याच्या चिकन सेंटरमधून अकरा पोती पिसे आणून तशीच ओली पत्र्याखाली कोंबली. खाली पडू नयेत म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स वाशांना ठोकले. नुसती पिसे असती तरी एक वेळ चालले असते. त्यांत कातडी होती, नख्या होत्या, आणि आतड्यांचे जे होते ते अर्जदार लिहू शकत नाहीत. चौथ्या दिवसापासून तपकिरी पाणी ठिबकू लागले. आठव्या दिवशी शिजत्या भातात अळी पडली. अर्जदारांच्या पत्नी सायराबानू पातेले घेऊन अंगणात गेल्या, आणि दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेले नाही. हा प्रकार किळसवाणा आहे. यापेक्षा सौम्य शब्द अर्जदारांना सापडला नाही, आणि त्यांनी शोधलाही नाही.

४. घरमालकांचे उत्तर : "वास येतोय म्हंजी ऊब धरलीया. जरा दम धरा की." छताला हात लावला तर खोली खाली करावी लागेल, असेही त्यांनी बजावले.

५. म्हणून अर्जदारांनी दि. २४ नोव्हेंबर रोजी आपल्याकडे तक्रार केली. निरीक्षक साहेब आले ते नाकाला रुमाल लावून, आणि उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकले नाही. बाहेर उडालेली पिसे पाहून त्यांनी "भाडेकरू घरात कोंबड्या पाळतो" असा पंचनामा केला. शेजारीण बजाबाई यांनी "हितं एक बी कोंबडी न्हाय वो सायब" असे सांगून अंगठा दिला, तो "शेजाऱ्यांचीही दुर्गंधीची तक्रार" या वाक्याखाली घेतला गेला. कोंबड्या सात दिवसांत हटवा, नाहीतर खोली खाली करा, अशी नोटीस अर्जदारांच्याच हाती पडली. ते कार्यालयात आले असता लिपिकांनी उपाय सांगितला : "कोंबड्या हटवल्याचा फोटो लागतोय. नसतील तर दोन आणा, बाहेर काढताना फोटो काढा, फाईल बंद करून टाकतो." अर्जदार हे काम करणार नाहीत.

६. दि. ७ रोजी झीनत आली. दारातच तिला ओकारी झाली, आणि ती नवव्या महिन्याचे पोट धरून ओसरीवर बसून राहिली. पहिले बाळंतपण माहेरी करायचे असते. अर्जदारांनी तिला संध्याकाळच्या गाडीने स्वतः सासरी परत पोचवले. निघताना ती आईला म्हणाली, "अम्मी, बच्चे कू लेने आए तो नये कपडे पहन के आव." वाईट हेतूने म्हणाली नाही. तेव्हापासून सायराबानू दिवसातून तीनदा लुगडे धुतात आणि हुंगून पाहतात.

७. कोणाला शिक्षा व्हावी अशी अर्जदारांची मागणी नाही. घरमालकांचे तोंडही पाहण्याची त्यांना इच्छा नाही. नोटीस मागे घेऊन दि. २० पूर्वी पिसे काढण्याचा आदेश व्हावा. फट अर्जदार स्वतः कापसाने भरतील, छत फिनेलने धुतील आणि मुलीला घेऊन येतील. त्यानंतर उशीर होईल.

आपला नम्र,
ज्याने आजवर एकही कोंबडी पाळली नाही असा,
रहिमतुल्ला दस्तगीर नदाफ
(सही)
सोलापूर, दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत :
(१) नोटिशीची प्रत.
(२) बजाबाईंचे खरे म्हणणे, नव्या अंगठ्यासह.
(३) उशी, नग एक. शिलाई अर्जदारांची, भराव छतातला. साहेबांनी एकच रात्र डोक्याखाली घ्यावी, आणि मग निर्णय द्यावा.