लॅकरचा सातवा हात

३ ऑगस्ट

निळा रंग निघता निघत नाही! दोन तास हीट गन धरून बसलो, तेव्हा कुठे तळहाताएवढा तुकडा मोकळा झाला. वीस वर्षांपूर्वी ज्याने हा रंग मारला त्याचं भलं होवो — खाली पांढरा थर, त्याच्याखाली आणखी काहीतरी चिकट. बेस गिटारची बॉडी जेवणाच्या टेबलावर पालथी, नेक कपाटावर, पिकअप आणि स्क्रू बुटाच्या खोक्यात. घराला अवकळा आली आहे. पण मला बरं वाटतंय. दिवसभर गोदामात औषधांची खोकी, घरी आलं की बाबांच्या गोळ्या, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन, बाबांचं भांडं. त्यातले हे एक-दोन तास माझे.

मास्तरला फोटो पाठवला. मास्तर म्हणजे आमच्या जुन्या बँडचा गिटारवाला. शाळेत विज्ञान शिकवतो, आणि शाळा सुटल्यावरही शिकवतच असतो. उत्तर आलं — लाकूड दिसलं की थांब. जसा काही मी आरपारच जाणार होतो!

कार्यक्रम तीस सप्टेंबरला. बावीस वर्षांनी आम्ही तिघं परत स्टेजवर. पोपडे उडालेला बेस घेऊन मी उभा राहणार नाही.

५ ऑगस्ट

लाकूड दिसलं. फिकट, आणि मध्यभागी एक गाठ. इतकं छान लाकूड त्या निळ्याखाली कोंडून ठेवलं होतं.

८ ऑगस्ट

ताई आली होती. ती महिन्यातून एका रविवारी येते, बाबांची चादर बदलते आणि मला चार शब्द सुनावते. आज टेबल बघून तिचं डोकंच फिरलं. ही धूळ, हे घरात, बाबा शेजारच्या खोलीत! घासायचं काम मी गॅलरीतच करतो, दार लावून, हे सांगितलं. मग रंग कुठे मारणार? म्हटलं, मास्तरच्या गच्चीवर. खरंच तसं ठरलंय.

तिचंही बरोबर आहे. बाबांनी चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश मारलं. स्प्रे गन हातात, तोंडाला फक्त रुमाल. आता फुप्फुसात काही उरलेलं नाही. बाथरूमपर्यंत भिंत धरून जातात आणि परत येऊन अर्धा तास नुसता श्वास गोळा करतात. डॉक्टरांनी बजावलं आहे — धूर, रंग, थिनर, काही म्हणजे काही नको. तरी खोड जात नाही. गेल्या वर्षी ताईने त्यांना कपाटाच्या दाराला पॉलिश लावताना रंगेहाथ पकडलं. कुठे बाटली लपवून ठेवली होती कोण जाणे. जित्याची खोड, असं म्हणून ती अजून महिनाभर तेच काढत होती.

मला मात्र त्यांनी कधी ब्रश हातात घेऊ दिला नाही. लहानपणी एकदा त्यांच्या कामावर गेलो आणि डबा उघडला, तर कानाखाली बसली. आयुष्यात तेवढी एकच.

१२ ऑगस्ट

सगळं मुसळ केरात! मास्तरच्या गच्चीवर स्प्रेने लॅकरचा, म्हणजे त्या चकचकीत पारदर्शक पॉलिशचा, पहिला हात मारला, आणि दहा मिनिटांत बॉडी पांढरी पडली. आतून पांढरी, काचेवर वाफ धरावी तशी. मास्तर म्हणाला रसायनशास्त्र. मी म्हणालो, गप्प बस.

रंगाच्या दुकानदाराने बघताच सांगितलं — दमट हवेत मारलंत. हवेतलं पाणी लॅकरमध्ये अडकलं. परत घासा आणि घरात मारा. खिडक्या बंद, दारं बंद, हीटर चालू, खोली कोरडी ठणठणीत पाहिजे. म्हटलं, घरात आजारी माणूस आहे, दम्यासारखं आहे.

"मग नका मारू," म्हणाला. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

१३ ऑगस्ट

परत घासलं. बाहेर भुरभुर थांबत नाही. पुढचे दहा दिवस अशीच हवा म्हणतात. मग सगळे हात मारायला आणखी दहा दिवस, आणि वर लॅकर कडक व्हायला महिना. तारीख निघून जाईल.

१५ ऑगस्ट

मारला. घरात.

पुढच्या खोलीत, छताच्या हुकाला बॉडी टांगून. खिडक्या बंद, हीटर चालू. बाबांच्या दाराखाली ओला टॉवेल कोंबला. आणि त्यांची खिडकीही लावली, कारण दमट हवा तिथूनच घरात शिरते. म्हटलं, गार वारा येतोय. त्यांनी चादर वर ओढून घेतली.

त्यांना हल्ली वास येतच नाही. परवा दूध करपलं, घरभर धूर झाला, त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आणि टॉवेल आहे. आणि दहा मिनिटांचं तर काम.

पांढरं पडलं नाही!

१७ ऑगस्ट

दुसरा हात. बाबांना खोकला. हवाच तशी आहे. शेजारच्या काकूपण खोकतायत.

२० ऑगस्ट

तिसरा, चौथा. आता लाकडात खोली आली आहे, ती गाठ कुठल्या कुठे आत गेल्यासारखी दिसते. टेबलाशी बसून नुसता बघत राहिलो. गोदामात आज दोनदा चुकीची खोकी पाठवली, साहेब बोलला, मला काही वाटलं नाही.

खोकला वाढलाय. मशीनचा आकडा एकने वाढवला. ताईला फोनवर सांगितलं नाही. उगाच धावत येईल, आणि आल्यावर बघेल.

२१ ऑगस्ट

पाचवा.

२३ ऑगस्ट

हे नीट लिहून ठेवतो.

काल सहावा हात मारला. आज संध्याकाळी बाबांना दूध द्यायला गेलो. कप हातात घेतला नाही. म्हणाले, "कितवा झाला?"

मी विचारलं, काय कितवा. मला म्हणे, चाळीस वर्षं नाक घेऊन काम केलंय, मला शिकवू नकोस. दाखव काय मारलंयस ते.

 म्हणजे पहिल्या दिवसापासून वास येत होता! दूध करपलं तेव्हाही आलाच असणार, बोलायला दम नसेल. मी बॉडी काढून आणली. दुसरं काय करणार. त्यांनी ती मांडीवर घेतली, नखाच्या पाठीने कडेवर टकटक केलं, दिव्याकडे तिरकी धरून बघितली, मग नाकाशी नेली. नळी नाकातच होती, ती बाजूला सारून. मी म्हणालो, बाबा, नका. ते हसले. किती दिवसांनी.

कडा पातळ राहिल्यात म्हणाले. पुढे घासशील तेव्हा कडेवरच लाकूड उघडं पडेल, सगळी मेहनत पाण्यात. अजून एक हात पाहिजे. लांबून मार, घाई नको. वास पूर्ण गेला की वाळलं समज, तारखा बघू नकोस. हे सगळं एका दमात नाही, मधे मधे थांबत, डोळे मिटून. मी म्हणालो, राहू दे आता, एवढं पुरे. तर म्हणाले, "अर्धवट काम माझ्या घरातून बाहेर जाणार नाही. उद्या मार. खिडकी मी लावून घेतो, दमट आहे."

मी त्यांना विचारलं, मला लहानपणी मारलं होतं ते आठवतं का. म्हणाले, आठवतं.  बॉडी परत द्यायला वेळ लावला. हात फिरवत बसले होते.

इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. हेही लिहितो, कारण खरं आहे.

२४ ऑगस्ट

सातवा हात मारला. ताईला विचारायला हवं होतं. डॉक्टरला विचारायला हवं होतं. कुणालाही विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही.

२५ ऑगस्ट

बाबा हॉस्पिटलमध्ये. सकाळी ओठ निळे पडले होते. अँब्युलन्सची माणसं घरात शिरली, तेव्हा त्यातला एक नाकाला हात लावून म्हणाला, कसला वास येतोय इथे? मी म्हणालो, फिनेल.

त्यांची खिडकी उघडली. कडी घट्ट बसली होती. त्या हातांनी त्यांनी कशी लावली असेल.

२६ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तरुण आहेत, हातात फाईल. घरी कुणी विडी-सिगारेट? नाही. रंगकाम, थिनर, कसला फवारा? अचानक एवढं बिघडलं म्हणजे काहीतरी लागलेलं दिसतंय.

मी म्हणालो, नाही. घरात तसलं काहीच नाही.

ताई बाजूला उभी होती. बाबा मास्क लावून पडले होते, मला वाटलं झोपलेत. झोपले नव्हते. माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मग त्यांनी डोळे मिटले.

खरं सांगितलं असतं तर औषध बदललं असतं का? माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. मी भेकड आहे.

२८ ऑगस्ट

ठरवून गेलो, आज सांगायचंच. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. डॉक्टरीणबाई वॉर्डाच्या दारातच भेटल्या. कालपासून औषध बदललंय म्हणाल्या, बघू. आज त्या माझ्याशी वेगळ्याच बोलल्या, मऊ. "तुम्ही तुमच्याकडून होईल तेवढं केलंत," असं काहीतरी. काय केलं मी? सगळ्याच नातेवाइकांना असं म्हणत असतील. त्या मऊपणापुढे माझं वाक्य घशातच राहिलं.

बाबांचा हात धरून बसलो. आज बोलता येत नाही त्यांना. बोटांना अजूनही त्या पिवळट रेषा आहेत, नखांच्या कडेला. इतक्या वर्षांत गेल्या नाहीत.

३१ ऑगस्ट

बाबा गेले. पावणेअकरा वाजता.

९ सप्टेंबर

मास्तर येऊन बसला. कार्यक्रमाचं नंतर बघू म्हणाला. मी म्हणालो, दुसरा कुणीतरी बेसवाला घ्या. त्याने बॉडीकडे बघितलं, जवळ गेला, हात न लावता मागे आला. फार सुंदर झालीय म्हणाला. मी त्याला घालवून दिलं. फार वाईट वागलो.

कुणाला तरी सांगितलं पाहिजे. ताईलाच. येत्या रविवारी. ती ओरडेल, कदाचित पुन्हा घरात पाय ठेवणार नाही. ठेवू नये. पण हे घेऊन मला जगता येणार नाही.

१२ सप्टेंबर

ताई आली. तोंड उघडणार, तोच तिने पिशवीतून हॉस्पिटलची फाईल काढली. काल आणली म्हणाली, हे वाच. मला अक्षरं दिसेनात, म्हणून तिनेच वाचलं. सत्तावीस तारीख. रुग्णाने मास्क बाजूला करून स्वतः सांगितलं: घरी मीच लॅकर मारत होतो. चोरून. मुलगा नको नको म्हणत होता, त्याचं ऐकलं नाही.

ताई रडत होती आणि बाबांवर चिडतही होती. शेवटपर्यंत हट्टीपणा गेला नाही माणसाचा. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू एवढं नको म्हणत होतास, मला एकदाही बोलला नाहीस."

मी म्हणालो, "सांगून काय उपयोग होता?"