उत्तरेकडच्या फळ्या

३ जून १८९६, कोर्तेयार्वी
पोचलो एकदाचा! होडीतून उतरताच चर्च दिसलं आणि माझ्यातला सुतार खूश झाला. क्रुसाच्या आकाराची दीडशे वर्षांची इमारत, नुसते पाइनचे ओंडके कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. आत डांबराचा वास. उत्तरेकडच्या बाजूची कुजलेली लाकडी जमीन उखडून नव्या फळ्या ठोकायच्या आहेत. रखवालदार एस्कोला गप्पिष्ट म्हातारा, सारखा खोकतो. कॉफी पाजून वर म्हणाला, "हातोडा बेतानं हं, सुतारबुवा. खाली पाव्हणे झोपलेत."

५ जून
फळ्या काढल्या. खाली वाळू आणि जुन्या शवपेट्या. हे चर्च बांधणारा मिस्त्रीही त्यांतच आहे म्हणे. छपरावरून पडला, घाईघाईनं पुरला, आणि मग दोन दिवस खालून त्याच्या हाका येत होत्या. कुणी उकरलं कसं नाही, असं मी विचारलं. एस्कोला म्हणाला, "रविवार होता ना! काम कोण करणार?" आणि हसला. मला हसू आलं नाही.

८ जून
भर दुपारी खालून हाक आली. नुसतं "अहो". कुणी दारुडा शिरला असेल म्हणून एस्कोला कंदील घेऊन उतरला, रांगत आत दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं वर आला. कुणी नाही म्हणाला. फळ्या ठोकून टाक म्हणाला. ठोकल्या.

९ जून
एस्कोला बाकावर बसून माझ्याकडे बघत असतो. कालपासून एकदाही खोकला नाही. कॉफीला शिवला नाही. वाळूतून रांगून आला, तरी कपड्यांवर एक कण नाही.

१० जून, सकाळ
फळ्यांखालून खोकला. मग अगदी क्षीण — "सुतारबुवा... वर घ्या मला."
एस्कोला तर माझ्यासमोर बाकावरच होता. ऐकत होता. हलला नाही.
देवा, मी कुणाला आत ठोकलं —

दुपार
चर्चचे पाद्री परगावी. शेजारच्या लोविसाबाईंकडे धावलो. म्हणाल्या, एस्कोला आत्ताच तर दारावरून गेला, चांगला ठणठणीत. "सकाळी सकाळी घेतलीये की काय?"
पहार घेऊन परत आलो. बाक रिकामा. तीन फळ्या निघाल्या. हात लागला — गरम — जिवंत आहे! ओढून काढला. बोलता येत नाही त्याला. पाणी आणायला गेलो तर दार बाहेरून बंद. खूप ठोकलं. लिहून ठेवतोय, कुणाला तरी —
बाहेर लोविसाबाई. देवा, आल्या! ओरडतोय, पण त्या दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. तो सांगतोय, आत कुणी नाही, बाई, घरी जा —
तो आवाज माझा आ