कडू गोळीवरची लाल रेघ

अण्णा, तुमची पत्र्याची पेटी काल उघडली. आई आता कायमची माझ्याकडे जिंतूरला आली, झरीचं घर रिकामं केलं, आणि तुमचे कागद घ्यायला दुसरं कुणी पुढं येईना. म्हणून मी घेतले, प्रेमानं नाही. वर रजेचे अर्ज, त्याखाली गावातल्या लोकांच्या लग्नपत्रिका. त्यासुद्धा तुम्ही लाल पेनानं तपासायचात. पत्रिका द्यायला आलेल्या बापाला ओसरीवर बसवून त्याच्या लेकीच्या लग्नातल्या चुका दाखवायचात, आणि तो बिचारा चहा पिऊन मान डोलवत उठायचा. सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या मेंदूच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. तीन औषधं. एक फिटची गोळी, एक किडा मारायची, आणि तिसरीवर आडवी लाल रेघ. शेजारी तुमच्या वळणदार अक्षरात ‘अनावश्यक’. खाली सही. वा अण्णा! सही करायलासुद्धा विसरला नाहीत.

मी तेरा वर्षांची होते, तुमच्याच वर्गात. घरी अण्णा आणि शाळेत सर, असा आपला कायदा होता. फळ्यावर गणित सोडवताना माझा उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला, खडू पडला, आणि पुढचं मला आठवत नाही. मैत्रिणींनी नंतर सांगितलं की कुणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली आणि तुम्ही ती हिसकावून खिडकीबाहेर फेकलीत. ‘ही शाळा आहे, अंगारेधुपाऱ्याचा बाजार नाही,’ असं ओरडलात म्हणे. आपल्या घरात देव नव्हता, उतारा नव्हता, लिंबू फक्त वरणात पिळायला असायचं. त्याबद्दल गाव तुम्हाला मानायचं आणि मीही मानायची. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला परभणीला नेलंत, डोक्याचा फोटो काढलात. इथपर्यंत तुमचं सगळं बरोबर होतं. खाडाखोड करायला जागाच नव्हती.

डॉक्टरांनी तो फोटो उजेडावर धरला आणि मेंदूतले तीन पांढरे ठिपके दाखवले. किड्याच्या पिशव्या, डुकराच्या मांसात असतो त्या किड्याच्या. आई घाबरून म्हणाली, ‘अवो, आमी तसलं काई खात न्हाई.’ डॉक्टर म्हणाले, खायला लागतच नाही, न धुतलेल्या भाजीवरून अंडी पोटात जातात. मला लगेच शाळेमागच्या मळ्यातली गाजरं आठवली. नाल्याच्या पाण्यावरची, फ्रॉकला पुसून खाल्लेली. मग डॉक्टरांनी तुम्हाला, शिकलेला माणूस म्हणून मुद्दाम तुम्हाला, नीट समजावलं की किड्याची गोळी एकटी द्यायची नाही. आधी दोन दिवस ही सुजेची गोळी, मग दोन्ही बरोबर. तुम्ही मान हलवलीत. मी त्या मानेकडं बघत होते, म्हणून सांगते.

आज मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि दरवर्षी हे पोरांना सांगते, माझं नाव न घेता. किडा जिवंत असतो तोवर मेंदूला गप्प ठेवतो. पिशवीत बसून असले रस सोडतो की मेंदूतल्या पहाऱ्याच्या पेशी त्याच्याकडं बघतच नाहीत. वर्षानुवर्षं माणसाला काही पत्ता नसतो. किडा मरायला लागला की पिशवी गळायला लागते, आणि मग त्या पेशी जाग्या होतात. मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना, अण्णा. तुमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नावही नव्हतं. आपल्या बारीक फांद्या आवरून त्या गोलमटोल होतात, किड्यावर तुटून पडतात, रसायनं सोडून रक्तातल्या पेशींनाही बोलावून घेतात. सूज चढते. कुठं थांबायचं ते त्यांना उमगत नाही, शेजारच्या निरोगी पेशीही त्यात भरडल्या जातात. तीन किडे औषधानं एकदम मारले तर हा दंगा तीन ठिकाणी एकदम होतो. म्हणजे माझा हात किड्यानं नाही नेला, तो मरताना माझ्याच पेशींनी नेला. त्यांना आवरायला जी गोळी दिली होती तिच्यावर तुम्ही रेघ मारलीत.

का मारलीत तेही मला माहीत आहे. आठवडी बाजारात तो सांधेदुखीच्या पुड्या विकणारा बसायचा, त्याच्या पुड्यांत स्टिरॉईड असतं हे तुम्ही शोधून काढलं होतं. शेजारच्या मावशीचं तोंड पुडी खाऊन खाऊन भाकरीसारखं फुगलं, तेव्हा तुम्ही विहारात सभा घेतली, त्याला गावातून हाकलला. पेपरातली कात्रणं चिकटवून वही केली. चांगलं काम केलंत, कोण नाही म्हणतंय! पण त्या एका सभेनं तुम्हाला डॉक्टर करून टाकलं. मेडिकलवाल्याला तुम्ही विचारलंत, ‘ही स्टिरॉईड आहे का?’ तो म्हणाला, ‘होय सर.’ झालं. ज्यानं हयातभर पोरांना ‘प्रश्न विचारा, प्रश्न विचारा’ म्हणून बेजार केलं, त्याला परभणीला जाऊन डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही. पुडीतलं स्टिरॉईड आणि मेंदूच्या डॉक्टरनं दिलेलं स्टिरॉईड यांत फरक असतो, हे तुम्हाला एका एसटीच्या अंतरावर कळलं असतं.

गोळ्या द्यायचं काम आईचं होतं. तिला वाचता येत नाही, डब्यात असेल ते ती द्यायची. पहिले दोन दिवस दोन गोळ्या होत्या, मग दोन दिवस तीन, पाचव्या दिवसापासून पुन्हा दोनच. तिला वाटलं, तिसरी संपली असेल. सातव्या दिवशी मला फिट आली ती थांबेचना, उजवा हात त्यातच गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सुजेची गोळी चालू होती ना? आई तिथंच उभी होती, पदर तोंडात धरून. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय का, का तेही अनावश्यक? ‘घरात डोस चुकला असेल. हिला वाचता येत नाही हो.’

तेवढ्या एका वाक्यावर तिची जिंदगी गेली, अण्णा. ‘संपली आसंल म्हनून मी इचारलंच न्हाई,’ हे तिनं किती जणांना सांगितलं असेल! सोयरे आले की सांगायची, माझी वाकडी बोटं कुणी बघितली की मी तोंड उघडायच्या आत सांगायची. त्या दिवसापासून तिनं कुणाला आपल्या हातानं गोळी दिली नाही. माझ्या लेकीला ताप आला तरी बाटली माझ्यापुढं सरकवते आणि हात मागं घेते. तुमच्या शेवटच्या आजारात तुमचे हात थरथरायचे, गोळी पाकिटातून निघायची नाही, तुम्ही तिला हाक मारायचात आणि ती दारातूनच म्हणायची, ‘माझ्या हातनं नगं.’ तुम्ही गादीवर सांडलेली गोळी चाचपत बसायचात. का नको म्हणते ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तरी बोलायचं. चार महिने होते तुमच्याकडं. तुमची मयत झाली तेव्हा लोक म्हणाले, असा सत्याला धरून राहणारा माणूस होणार नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला तुमचा असा राग आला की रडायलाच आलं नाही. आजही तो राग आहे. हे पत्र मी डाव्या हातानं लिहायलेय. अक्षर वाईट आहे, मारा रेघा.

आता मला पुढं लिहायला जड जातंय, पण लिहिते. त्या दुपारी तुम्ही मेडिकलमधून आलात, चिठ्ठी घेऊन ओसरीवर बसलात, तेव्हा मी तुमच्याजवळ होते. ती गोळी विषासारखी कडू होती, जिभेवर चिकटायची, वरून गूळ खाल्ला तरी जायची नाही. मीच रडून म्हणाले, ‘अण्णा, ती कडू नको.’ तुम्ही विचारलंत, कोणती? मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. तुम्ही रेघ मारलीत, हसून म्हणालात, ‘सुटलीस.’ उरलेलं पाकीट डब्यातून काढून चुलीत मी टाकलं, तेव्हा आई पाण्याला गेली होती. दवाखान्यातून आले तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं, ते खरंय. पण महिन्याभरात यायला लागलं होतं. त्यानंतर आई शेकडो वेळा ‘माझ्या हातनं झालं’ म्हणाली आणि मी शेकडो वेळा तिथंच बसून होते. म्हणजे तुम्ही शेवटचे चार महिनेसुद्धा गप्प राहिलात म्हणून मी ओरडायलेय, आणि माझी वर्षं मोजली तर तुमच्याहून जास्त भरतील.

काल चिठ्ठी हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. आई समोर तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘काय वाचायलीस एवढं?’ मी तिला रेघ दाखवली. रंग तिला ओळखू येतो, वाचायची गरज पडली नाही. मी सगळं सांगितलं, मेडिकलवाला, कात्रणं, तुमची सही, तुमचं दवाखान्यातलं खोटं. तिनं शेंग हातात तशीच धरली. मग म्हणाली, ‘म्हंजी माझ्या हातनं न्हाई झालं?’

‘नाही आई.’

‘लय खोटं बोलला गं माणूस.’ आणि माझ्याकडं बघत, ‘तुला कव्हा कळलं?’

मी म्हणाले, ‘आत्ता. कागद निघाला तेव्हा.’

संध्याकाळी जेवणं झाली. माझी फिटची गोळी रोज जेवणानंतर असते, इतकी वर्षं झाली तरी सुटली नाही. मी उठणार एवढ्यात आईनं फडताळातून पाकीट काढलं, गोळी फोडून आपल्या तळहातावर घेतली आणि माझ्यापुढं धरली. तिच्या तोंडावर असलं काही होतं जे मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं. ‘घे,’ म्हणाली, ‘माझ्या हातनं घे.’

मी घेतली, अण्णा. आणि पाण्याबरोबर गिळून टाकली.