साल्कीन आजींच्या डाव्या डोळ्यात

आईला वाकून सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? लाकडं कोण फोडतं?

मी ठीक आहे. कबरीच्या दगडांवर कोरायला म्हाताऱ्यांचे फोटो काढत नारिनकडच्या गावांतून हिंडतोय. बाबांच्या दगडावर गाडीच्या परवान्यावरचा इवलासा फोटो मोठा करून भलताच माणूस कोरला गेला, ते अजून सलतं. म्हणून तर हा मिडियम फॉरमॅटचा डिजिटल कॅमेरा घेतला, फोटो कितीही मोठा केला तरी बारकावे शाबूत राहतात. त्यातल्या त्यात स्वस्त, आणि घोड्यावरून नेता येईल इतका लहान.

काल साल्कीन आजी दहा बाळंतपणांबद्दल सरकारने दिलेलं पदक लावून फोटोला बसल्या. म्हणाल्या, "एवढ्याशा डबीत माझ्या सुरकुत्या मावतील का रे?" नवी वस्तू पहिल्यांदा पाहिली की काहीतरी द्यायचं, या आपल्या रीतीने त्यांनी माझ्या खिशात मूठभर कुरुत, घरच्या सुक्या दह्याच्या खारट गोळ्या, कोंबलं. संध्याकाळी तेच चघळलं. छान होतं.

तू माझा फोटो मागितलास. माझा कोण काढणार? आजींचाच मोठा करून पाठवतोय. शेजारच्या ऐजानला भिंग धरायला सांग. डाव्या डोळ्यात खिडकी दिसेल, तिच्या उजेडात वाकलेला एक माणूस. तो मी.

वाळलेला दिसलो तर घाबरू नकोस. डोळा गोल असतो ना, त्यात सगळेच बारीक दिसतात.

तुझाच,
बेकतुर