पंचवीस गुणिले छत्तीस

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय. मुलांना गणित नकोसं का होतं, याचा मी अभ्यास करते. शाळांमधून प्रश्नावल्या भरून घेते, मुलांशी बोलते. हा विषय कसा सुचला असं कुणी विचारलं, की कोल्हारचा आपला पाचवीचा वर्ग सांगते. तुमचं नाव घेत नाही.

ऊसतोडीचा हंगाम होता. पाथर्डीकडच्या टोळीबरोबर आलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. तुम्ही फळ्यावर पंचवीस गुणिले छत्तीस लिहिलंत, आणि आम्ही आकडे मांडतोय तोवर तिनं वहीत नुसतं नऊशे लिहून टाकलं. तुम्ही तिच्यापाशी येऊन उभे राहता. "पायऱ्या कुठायत? शेजारणीचं बघितलंस ना?" ती म्हणते, "न्हाई सर. पंचवीस उसाची मोळी. चार मोळ्यांचं शंभर, तसं नऊ येळा." वर्ग हसतो. तुम्ही माझ्याकडे वळता, "हिनं तुझं बघितलं का गं?" मी मान हलवते. हो. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. त्याच वर्षापासून शाळा सुटल्यावर थांबवून तुम्ही मला सातवीच्या स्कॉलरशिपचं गणित शिकवलंत, स्वतःची कंपासपेटी दिलीत. तुमच्यामुळे इथवर आले, हेही तेवढंच खरं आहे.

गेल्या महिन्यात पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत पालकांशी बोलत होते. मी मूळची कोल्हारची म्हटल्यावर एक बाई निरखून बघायला लागली. बैठक संपल्यावर जवळ आली. तीच होती. तिची मुलगी आता पाचवीत आहे. "पोरगी इचारती, आई, तू शाळा का सोडली? म्या सांगते, दुसरीचं बघून लिव्हलं म्हणून," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "खरंच म्या तुझं बघितलं हुतं का गं? सांगून सांगून आता मलाच तसं वाटाय लागलंय."

हातात भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. "लहान होतो गं आपण," एवढंच मी म्हणाले. ती हसली आणि मुलीला घेऊन गेली.

सर, माझ्या वहीत तेव्हा उत्तर नव्हतंच. मी अजून हातचा लिहीत होते. तुमचा प्रश्न मी आजवर किती सभांमधून ऐकवला, माझं उत्तर एकदाही नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे कुठं पोचायचं नाही. तिचं गाव मला माहीत आहे. एसटी थेट जाते. अजून गेलेली नाही.